'ब्रेडफॅन' तिघांत कसं बसवायचं

'ब्रेडफॅन' बसवायला घेणाऱ्या बहुतेक पोरांनी ते मेटालिकाचं गाणं म्हणून ऐकलेलं असतं. साहजिक आहे. 1988 साली मेटालिकानं 'हार्वेस्टर ऑफ सॉरो' या सिंगलच्या मागच्या बाजूला ते टाकलं, दहा वर्षांनी ते 'गॅरेज इंक.'च्या दुसऱ्या डिस्कवर परत आलं, आणि आपल्याकडे बहुतेकांपर्यंत पोचलं ते तिथूनच. पण गाणं बजी या बँडचं. वेल्समधल्या कार्डिफचे तिघे जण आणि 1973 सालचा अल्बम. मी बास वाजवते आणि गाते, आमचाही बँड तिघांचाच, त्यामुळे मी कोणाच्या बाजूनं बोलणार हे उघड आहे. तिघांत हे गाणं बसवायचं असेल तर ते बजीकडूनच शिकावं लागतं. मेटालिकाच्या आवृत्तीत दोन गिटारी आहेत. दुसऱ्या गिटारीनं भरलेली जागा तुमच्याकडे रिकामी असणार, आणि त्या रिकाम्या जागेचं काय करायचं हाच या गाण्यातला खरा प्रश्न आहे.

आधी माणसं ओळखून घ्या, म्हणजे कान कोणाकडे द्यायचा ते कळेल. बास आणि गळा बर्क शेलीचा. अंगानं काडी, डोळ्यांवर मोठा चष्मा, आणि आवाज पुरुषाच्या मानानं बराच वरचा. गिटार टोनी बोर्जची, ड्रम्स रे फिलिप्सचे. 1967 साली सुरुवात झाली तेव्हा बँडचं नाव होतं 'हिल्स कंटेम्पररी ग्रास'. नंतर त्यांनी बजी हे नाव घेतलं. बजी म्हणजे तो पिंजऱ्यातला छोटा पोपट, आपल्याकडे पाळीव पक्ष्यांच्या दुकानात ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणून खपवतात तो. वाजवायचं कानठळ्या बसतील असं आणि नाव ठेवायचं पाखराचं, हा शेलीचा विनोद. गाण्यांची नावंही अशीच चक्रम असतात. याच अल्बमवरच्या एका गाण्याचं नाव आहे 'यू आर द बिगेस्ट थिंग सिन्स पावडर्ड मिल्क', दुसऱ्याचं 'इन द ग्रिप ऑफ अ टायरफिटर्स हँड'. हा खोडकरपणा ध्यानात ठेवा, गाताना तो लागणार आहे.

पहिले दोन अल्बम रॉजर बेन यानं प्रोड्यूस केले, ब्लॅक सॅबथचे पहिले तीन अल्बम करणारा तोच हा. तिसरा, म्हणजे 'नेव्हर टर्न युवर बॅक ऑन अ फ्रेंड', बजीनं स्वतःच प्रोड्यूस केला, वेल्समध्ये मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत. वॉर्ड बंधूंनी आपल्या शेतघरात उभा केलेला हा स्टुडिओ. बँडनं तिथंच राहायचं आणि तिथंच रेकॉर्ड करायचं. दोन वर्षांनी क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ही तिथंच सुरू झालं. मुखपृष्ठ रॉजर डीनचं, येस या बँडची मुखपृष्ठं करणारा चित्रकार. 'ब्रेडफॅन' हे या अल्बमवरचं पहिलंच गाणं.

आता कामाला लागू.

ॲपवर शोधलंत तर लाइव्ह आणि पुढे पुन्हा रेकॉर्ड केलेल्या आवृत्त्याही सापडतील. बसवण्यासाठी 1973 चीच घ्या. तिघांनी एकत्र बसून, हेडफोनवर नाही तर बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर, एकदा सबंध ऐका. मग प्रत्येकानं आपलं वाद्य सोडून दुसऱ्याचं ऐकायचं: गिटारवाल्यानं बास, बासवाल्यानं ड्रम्स, ड्रमरनं गळा. हे मी नवीन पोरांना सांगते तेव्हा ती कंटाळतात, पण तिघांच्या बँडमध्ये दुसरा काय करतोय ते पाठ नसेल तर स्वतःचं पाठ असून उपयोग नसतो.

ऐकताना एका कागदावर गाण्याचा नकाशा काढा. सहा मिनिटांच्या आसपासचं गाणं आहे, आणि ढोबळ मानानं त्याचे तीन तुकडे पडतात: धावती रिफ (गिटारचा तोच तोच परत येणारा तुकडा) आणि तिच्यावरची कडवी, मग अचानक आलेला संथ, हळू आवाजातला मधला भाग, आणि परत रिफ. प्रत्येक तुकड्यात रिफ किती वेळा येते, गळा कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, हे मोजून लिहा. इंटरनेटवरच्या टॅबमध्ये, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेल्या कागदात, ही मोजदाद अनेकदा मेटालिकाच्या आवृत्तीची असते आणि दोन्हींची सरमिसळ झाली की जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, भांडणं होतात. स्वतः मोजलेलंच खरं.

गिटार

रिफ वेगवान आहे आणि तिला पिकिंग खाली-वर, खाली-वर असंच लागतं. नुसतं खाली-खाली मारून हा वेग दोन मिनिटं निभेल, सहा मिनिटं निभणार नाही. मनगट सैल, पिक (तार छेडायची चकती) छोटा धरलेला, आणि कोपरातून येणारी हालचाल जवळजवळ शून्य. वेग काढायला फोनवरचं टॅप-टेम्पोचं ॲप घ्या, मूळ रेकॉर्डिंगबरोबर बोटानं ठोका धरा आणि जो आकडा येईल त्याच्या निम्म्यावर मेट्रोनोम लावा. तिथून चार-चारनं वाढवा. ज्या आकड्यावर खांदा वर जायला लागतो तो आजचा शेवटचा आकडा, तिथंच थांबा. उद्या त्याच्या थोडं खालून सुरू करा.

आवाजाबद्दल माझं मत जरा कडक आहे. पोरं पेडलवरचं गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, पूर्ण फिरवतात आणि इक्वलायझरमध्ये मधले सूर खोल खाली पाडतात, कारण मेटलचा आवाज असा असतो असं त्यांनी कुठंतरी वाचलेलं असतं. दोन गिटारींच्या बँडला ते परवडतं. तिघांत असं केलंत की गिटार बासमध्ये आणि झांजांमध्ये विरघळून जाते, उरतो तो फक्त घरघराट. बोर्जचा आवाज ऐका: फाटलेला आहे, पण त्यात प्रत्येक सूर वेगळा कळतो. गेन तुम्हाला पुरेसा वाटतो त्याच्या बराच खाली आणा, मिड वर न्या, आणि जोर हातातून काढा. पहिल्या दिवशी आवाज किरकोळ वाटेल. ड्रम्स आणि बास आले की तोच बरोबर बसतो.

तळव्यानं तारा दाबण्याची, म्हणजे पाम म्यूटची, हौस इथं आवरा. मेटालिकानं ही रिफ घट्ट, चापूनचोपून वाजवली आहे आणि त्यांच्या पद्धतीनं ती भन्नाटच लागते. बजीची मात्र उघडी आहे, थोडी मोकाट. त्या मोकाटपणानं खोलीतली जागा भरते. बंद केलीत तर ती जागा भरायला तुमच्याकडे चौथा माणूस नाही.

बास

इथं मी जास्त वेळ घेणार, माझं घर आहे हे.

रिफ चालू असताना बासनं गिटारच्या खांद्याला खांदा लावून पळायचं. याचा अर्थ गिटारवाल्याइतकाच सराव तुम्हालाही आहे, त्यातून तारा जाड. दोन बोटांनी वाजवत असाल तर तर्जनी-मधलं-तर्जनी-मधलं हा क्रम तार बदलतानाही मोडू देऊ नका. पिकनं वाजवलंत तरी चालेल. बासला पिक लावणं म्हणजे कमीपणा असं आपल्याकडच्या काही मंडळींना वाटतं, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. जॅमरूममधल्या सामायिक ॲम्पवर पिकचा टोकदार आवाज उलट जास्त ऐकू येतो.

खरी परीक्षा गिटार सोलोला जाते तेव्हा. त्या क्षणी खालचा भराव नाहीसा होतो आणि बँड एकदम अर्धा झाल्यासारखा वाटतो. नवीन बासवादक घाबरून तिथं खूप सूर वाजवायला लागतात. करायचं ते उलट आहे. सूर कमी करा, प्रत्येक सूर पुढच्यापर्यंत ताणून ठेवा, आणि आवाज किंचित वाढवा. ॲम्पमधून थोडी खरखर येऊ दिली तर अजून चांगलं, स्वच्छ बास सोलोखाली फार एकटा पडतो. मी सोलोपुरता एक हलका ओव्हरड्राइव्ह पेडल दाबते. एवढ्यावर काम होतं. पेडल नसेल तर ब्रिजच्या जवळ सरकून जोरात वाजवा, आवाज आपोआप कडक होतो.

आणि हे सगळं करताना गायचंही आहे. शेलीनं ते वर्षानुवर्षं केलं. त्याच्या आवाजाची तुलना रश या कॅनेडियन बँडच्या गेडी लीशी होते, तोही बास वाजवत उंच आवाजात गाणारा. फक्त एवढं लक्षात ठेवा की बजीचा पहिला अल्बम 1971 चा आणि रशचा 1974 चा, त्यामुळे 'गेडी लीसारखा गातो' हे म्हणणं जरा अन्यायाचं आहे.

वाजवत गायची माझी पद्धत अशी. आधी रिफ इतकी हातात बसवा की ती वाजवता वाजवता समोरच्याशी भाजीचे भाव बोलता आले पाहिजेत. खरोखर बोलून बघा. आमचा ड्रमर मला मुद्दाम पाढे विचारायचा. ते जमलं की गाण्याचे शब्द सुराशिवाय, नुसते बोलत, बरोबर त्या त्या ठोक्यावर टाका. जिथं जीभ अडखळते ती जागा कागदावर खुणेनं मार्क करा. अशा जागा फार नसतात, दोन-चार, आणि तेवढ्याच वेगळ्या काढून निम्म्या वेगानं घोटा. सूर सगळ्यात शेवटी. सूर आधी लावलात तर हात सुराच्या मागे जातो आणि रिफ वाकते.

पट्टीचं काय? पुरुष गायकांना मूळ पट्टीत हे गाणं वर जातं आणि ते ओरडायला लागतात. गळा बसवून घेण्यापेक्षा दोन्ही वाद्यांच्या तारा अर्ध्या सुरानं उतरवा. बोटं तीच राहतात, गळ्याला उसंत मिळते, आणि तारा सैल झाल्यानं रिफही थोडी जड लागते. लागलंच तर पूर्ण सूर उतरवा, पण मग जाड तारा चढवा, नाहीतर त्या लोंबतात. मुली गाणार असतील तर मात्र उतरवू नका. शेलीची ती उंची बहुतेक बायकांच्या बोलण्याच्या आवाजाच्या जरा वर, आरामात लागणाऱ्या जागेत येते. हार्ड रॉकमध्ये आमच्या सोयीची अशी गाणी थोडीच आहेत, त्यामुळे हे मी कोणाला उतरवून देत नाही.

गाण्याचा भाव रागाचा धरू नका. गाणं पैशाच्या हावेवर आहे, ब्रेड म्हणजे तिकडच्या बोलीत पैसा. पण शेली हावरटावर चिडत नाही, त्याला टोमणे मारतो. सासरच्या कोणाला हसत हसत चिमटा काढावा तसा आवाज ठेवा. गुरगुरलात की गाणं मेटालिकाकडे सरकलंच म्हणून समजा.

ड्रम्स

ड्रमर मंडळींना एकच विनंती: डबल पेडल घरी ठेवा. फिलिप्सची गंमत पायात नाही, वर, स्नेअर आणि टॉमवर आहे. त्याची शैली जॅझ ऐकलेल्या माणसासारखी सैल आहे असं मला नेहमी वाटतं, ठोका पक्का पण मधल्या जागा बोलक्या. हे हातात यावं म्हणून त्याच अल्बमवरचं ते पावडर्ड मिल्कवालं गाणं ऐका, त्याची सुरुवातच ड्रम्सनं होते. 'ब्रेडफॅन'मध्ये प्रत्येक ओळीनंतर रोल मारायचा मोह होतो. तीनांतले दोन गाळा.

मधला संथ भाग

बँड पडतात ते इथं. गाणं तुफान धावत असतं आणि मध्येच ते थांबल्यासारखं होतं, गिटार स्वच्छ, गळा अगदी जवळ येऊन गाणारा. हार्ड रॉकच्या मधोमध असं काही घालणं ही बजीची जुनी खोड. याच अल्बमवर 'यू नो आय विल ऑल्वेज लव्ह यू' आणि 'रायडिंग माय नाइटमेअर' ही दोन पूर्णच हळुवार गाणी आहेत, तीही ऐकून घ्या, मग हा भाग कुठल्या मनोवृत्तीनं वाजवायचा ते समजेल. तो नुसता विसावा नाही. प्रेक्षक तिथं गप्प झाले तर परत येणारी रिफ दुप्पट जोरात लागते, आवाज एक काटाही न वाढवता.

तेव्हा संथ भाग खरोखर हळू वाजवा. गिटारवाल्यानं पेडल बंद करायचंच, शिवाय गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणायचा. पेडल बंद करताना होणारा खट्ट आवाज ॲम्पमधून येत असेल तर आधीचा शेवटचा सूर संपायच्या आत दाबा, तो त्यात बुडतो. बासनं बोटाच्या मऊ भागानं, मानेच्या जवळ वाजवायचं. ड्रमरनं हात ठेवून दिले तरी पायानं हाय-हॅट बंद-उघड करत ठोका मनात चालू ठेवायचा, प्रेक्षकांना ऐकू येईल न येईल इतपत.

कारण रिफवर परतताना सगळे शाळा सुटल्यासारखे धावतात. वेग मूळच्या पुढे जातो, आणि शेवटच्या दीड-दोन मिनिटांत गिटारवाल्याचा हात भरून येतो. यावर उपाय कंटाळवाणा पण हमखास: संपूर्ण गाणं परत परत वाजवू नका. संथ भागाच्या शेवटच्या चार ओळी (एक ओळ म्हणजे चार मात्रा) आणि पुढच्या रिफच्या चार, एवढाच तुकडा घ्या. वाजवा, थांबा, पुन्हा तिथूनच. मेट्रोनोम ड्रमरच्या एका कानात असू द्या. वेग परत पकडायची जबाबदारी एकाचीच ठेवा, आमच्याकडे ती ड्रमरची. तो काड्या वाजवून मोजत नाही, फक्त मान वर करतो आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघतो. संथ भागात डोळे मिटून तंद्री लावणाऱ्या गिटारवाल्यांना हे आवडत नाही, पण शेवटच्या ओळीला डोळे उघडावेच लागतील.

जॅमरूम आणि स्टेज

तासावर भाडं देऊन जॅमरूम घेत असाल तर हे सगळं सुटं सुटं काम घरी करून या. फ्लॅटमध्ये ॲम्प लावता येत नाही हे मान्य, पण फोनला जोडायचा छोटा इंटरफेस आणि हेडफोन यावर गिटार-बासचं निभतं, आणि ड्रमरला सरावाचा रबरी पॅड आहेच. दुपारी दोन ते चार सोसायटीत तोही वाजवू नका, खालच्या काकू वर येतात. जॅमरूममध्ये पहिली दहा मिनिटं फक्त आवाज बसवण्यात घालवा: ड्रम्स नैसर्गिक, बास त्यांच्या बरोबरीला, मग गिटार, आणि गळा या सगळ्यांच्या वर जेमतेम येईल इतपत. गिटारचा ॲम्प जमिनीवर असेल तर तो खुर्चीवर ठेवा. तो पोटरीवर वाजत असतो म्हणून गिटारवाल्याला ऐकू येत नाही आणि तो आवाज वाढवत बसतो. फोन खोलीच्या कोपऱ्यात ठेवून प्रत्येक फेरी रेकॉर्ड करा आणि रिक्षात बसून ऐका.

कार्यक्रमात हे गाणं पहिलं घेऊ नका. गळा तापलेला नसतो आणि साउंडवाल्यानं अजून कान लावलेले नसतात. तिसरं किंवा चौथं बरं. आधी कोणाचं आहे ते सांगायला विसरू नका, नाहीतर खाली कोणीतरी मेटालिका, मेटालिका ओरडतंच. प्रेक्षकांत कोणी जाणकार भेटला तर त्याला सांगायला दोन गोष्टी: मेटालिकानं बजीचं 'क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी'ही वाजवलंय, 1987 च्या ईपीवर (छोट्या अल्बमवर), आणि आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडनं 'आय कान्ट सी माय फीलिंग्ज'. ज्यांनी वाजवलं ते जगभर गाजले. बजी 1982 साली रीडिंग महोत्सवात शुक्रवारची रात्र गाजवण्यापर्यंत आणि त्याच वर्षी पोलादी पडद्याआडच्या पोलंडमध्ये दौरा करण्यापर्यंत पोचले, पण नाव घराघरात गेलं नाही. शेली जानेवारी 2022 मध्ये, 71 व्या वर्षी, कार्डिफमध्येच गेला.

स्टेजवर जायच्या आधी साउंडवाल्याला गाठून दोन गोष्टी सांगा. सोलो आला की बास थोडा वर घे, कारण सवयीनं तो फक्त गिटार वर घेतो. आणि संथ भाग आला की काही करू नको. तो आवाज पडला असं समजून फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, चढवतो, मग रिफ आली की समोरचे लोक कानावर हात ठेवतात. स्वतःसाठी मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, गळा आणि किक ड्रम मागा. गिटार मागू नका, ती तशीही ऐकू येते.